आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या

आमच्या हिच्या मामांनी ज्याला एकदा तरी ‘पुढे सरका’ म्हटलेलं नाही, असा कुत्रा मोखाड्यात शोधून सापडायचा नाही. मी पंचायत समितीत कारकून आहे. तालुक्यातल्या माणसांची माहिती हवी असेल तर आमच्या कचेरीत या, चहाही मिळेल; पण कुत्र्यांची हवी असेल तर मामांकडेच जावं लागतं. कोणत्या घरचा कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, कोणता चपला खातो आणि कोणता फक्त डाव्या पायातलीच खातो, कोणाला फटाक्यांची भीती वाटते आणि कोणाला छत्रीची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माणसांच्या बाबतीत मात्र आनंद आहे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘जावईबापू’ याखेरीज माझं काही नाव आहे याची त्यांना कल्पना असेल असं मला वाटत नाही.

मामा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. जव्हार, मोखाडा, खोडाळा, पुन्हा जव्हार, असं घाटाघाटातून हिंदकळत त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घर घेतलं तेही जीप-स्टँडच्या समोर, म्हणजे ओट्यावर बसलं की कोण चढलं, कोण उतरलं ते दिसायला हवं. आवाज अजून असा, की ओट्यावरून बोलले तरी पलीकडचा पानटपरीवाला आत सरकतो. शिवाय तिकिटाला भोक पाडायचा एक जुना चिमटा त्यांच्या खिशात कायम असतो. तिकिटांची यंत्रं आली आणि हे चिमटे गेले, तरी हा एक मामांकडे कसा राहिला हे मामींना ठाऊक नाही, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे विचारत नाही.

कुत्र्यांचं वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. वेड म्हणजे पाळायचं नव्हे, सुधारायचं. त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी जेवत होतो, त्यामुळे उठून जाता आलं नाही. “जावईबापू, कुत्रा म्हणजे काय? कुत्रा म्हणजे प्रवासी! गाडी कुठं चाललीय ते त्याला माहीत नाही, कधी थांबणार ते माहीत नाही, आणि कोणी त्याला सांगतही नाही. मग तो ओरडणार नाही तर काय करणार? तुम्ही नाही ओरडत, गाडी अर्धा तास मध्येच उभी राहिली की?” मी म्हटलं, मी ओरडत नाही. “मग तुमच्यात काहीतरी बिघाड आहे,” मामा म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

प्रवासी म्हटल्यावर त्याचा मान राखणं आलं. म्हणून मामा कुत्र्यांना अहो-जाहो करतात. “अहो, तोंडातलं पायताण ठेवा खाली. ठेवा. शाब्बास.” आणि आमच्या कचेरीतले साहेब समोरून आले तर “काय रे, कसा आहेस?” साहेब बिचारे आधी दचकले होते, आता सवय झाली आहे. परवा तर साहेबांनीच मला विचारलं, की मामांनी आपल्याला कधी अहो म्हणावं यासाठी काय करावं लागेल. मी म्हटलं, साहेब, ते तुम्हाला झेपायचं नाही.

उपचाराची पद्धत साधी. कुत्र्याने बरोबर काही केलं की चिमटा वाजतो, टिक! आणि लगेच सुक्या बोंबलाचा तुकडा. टिक म्हणजे तिकीट फाडलं, तुमचं काम झालं, निर्धास्त बसा. हे बोंबील मामींच्या डब्यातून येतात आणि मामांच्या कातडी पिशवीत राहतात. त्या पिशवीला असा काही दरवळ सुटलेला असतो, की भरगच्च जीपमध्येही मामांच्या शेजारी माणूस आरामात मांडी घालून बसू शकतो. फक्त तसा कोणी बसत नाही. मामा म्हणतात कुत्रे आपल्या शब्दाला मान देतात. मामी म्हणतात, पिशवी घरी ठेवून जा एकदा आणि मग बघा कोण मान देतं ते. मामांनी हा प्रयोग अजून केलेला नाही.

उड्या मारणाऱ्या कुत्र्याला मामा ‘धावत्या गाडीत चढणारा’ म्हणतात. त्याच्याकडे पाहिलं, ओरडलं, ढकललं की त्याला वाटतं आपल्याला घेताहेत. म्हणून तो उडी मारू लागला की सगळ्यांनी हात बांधून, तोंड वर करून आढ्याकडे बघायचं; चारही पाय जमिनीला लागले की टिक. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंच्या घरी ही पद्धत सुरू झाली. नेमके त्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. कुत्रं उडालं, आणि बाई, त्यांचे यजमान आणि खुद्द मुलगी, सगळे एकदम हात बांधून आढ्याकडे बघू लागले. आपल्याकडे घरातली माणसं एकदम आढ्याकडे बघू लागली, की त्याचा अर्थ एकच असतो. पाहुणे ‘साप! साप!’ करत असे बाहेर पळाले, की मुलाचे वडील थेट जीपमध्ये जाऊन बसले. गंमत म्हणजे कुत्रं तेवढ्यात शांत बसलं होतं. मामांना हे कळल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “टिक वाजवलं ना वेळेवर?” लग्न जमलं, तेही सांगून टाकतो. त्या मुलाला मुलीचं न घाबरता उभं राहणं फार आवडलं म्हणे.

जेवणाच्या ताटलीजवळ गेलं की गुरगुरणारा कुत्रा म्हणजे ‘रुमाल टाकून सीट अडवणारा’. त्याची ताटली ओढायची नाही. उलट येता-जाता ताटलीत आणखी काहीतरी टाकत जायचं. “तिकीट दाखव म्हटलं की प्रवासी भांडतो, जावईबापू, आणि हे घ्या तुमचे राहिलेले सुट्टे म्हटलं की हसतो. जवळ येणारा माणूस द्यायला येतो, घ्यायला येत नाही, हे एकदा कळलं की संपलं.” खरं सांगतो, आमच्या कचेरीत हे कोणी सुरू केलं तर किती गुरगुर कमी होईल!

अर्थात सगळंच यशस्वी होतं असं नाही. मध्ये मामांनी गल्लीतल्या यच्चयावत कुत्र्यांना एसटीची घंटा शिकवली. एक टोला थांबा, दोन टोले चला. पितळी पेला घेऊन ते रोज सकाळी गल्लीत उभे राहत आणि गल्ली त्यांच्या मागे थांबत, चालत, थांबत, चालत जात असे. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्याबरोबर सायकलवरचा कुल्फीवाला आला. त्याची घंटा वाजली, टिंग टिंग! झालं. सगळी गल्ली त्याच्या मागे. तो घाबरून जोरात निघाला, तशी घंटा आणखी वाजली, तसे कुत्रे आणखी जोरात. खोडाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो उन्हाळा मोखाड्याने कुल्फीवाचून काढला. आणि मामा? मामा म्हणाले, “पण एक तरी चावला का? नाही ना? रांगेत गेले!”

असे हे मामा. आता बोक्याची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मामा पुरे होत नाहीत.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची मंगली पावसाळ्यात मामींना रानभाज्या आणून द्यायची. दिवाळी झाली की ती, तिचा नवरा आणि सासू भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जायची, ती शिमग्याला परतायची. अशाच एका वर्षी भट्टीवर जाताना ती जीपमधून मोखाड्याला उतरली आणि मागोमाग, जीभ जमिनीला टेकलेला, धुळीने पांढरा झालेला एक तांबडा कुत्रा येऊन तिच्या पायाशी आडवा झाला. पाड्यापासून इथपर्यंत तो जीपच्या मागे पळत आला होता. पुढची गाडी त्याला घेणार नव्हती. मंगली मामांच्या ओट्याशी आली. “मामा, याला ठेवा. शिमग्याला येऊ तवा नेन. मारू नका. बोललं का ऐकतं तो.”

“नाव काय यांचं?” मामांनी विचारलं.

“बोका.”

कुत्र्याचं नाव बोका! पिल्लू असताना मांजरासारखा रडायचा म्हणून तिच्या सासूने ठेवलेलं. मामांनी नाव मात्र बदललं नाही. “गाडीत राहिलेलं सामान कंडक्टरचं होत नसतं,” ते तिला म्हणाले. “जसंच्या तसं, शिमग्याला, तुझ्या हातात. जा निर्धास्त.”

मंगली गेली आणि दुसऱ्या सकाळपासून बोक्याने स्टँडवरच्या प्रत्येक जीपमागे पळायला सुरुवात केली. नुसता पळायचा नाही, चाकाला लागून पळायचा. बांधला तर असा गळा काढायचा की समोरच्या बँकेतली माणसं बाहेर येऊन कोण गेलं म्हणून विचारायची. सोडला की पुन्हा जीपमागे. एकदा चाक त्याच्या पंजाला निसटतं लागलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. जीपवाला भला माणूस, पण तोही म्हणाला, “मामा, मी किती ब्रेक मारू? घाटात माणसं बसलेली असतात. एक दिवस जाईल टायरखाली, मग मला बोलायचं नाय.” मामा ओट्यावर बोक्याचा पंजा मांडीवर घेऊन हळद लावत बसले आणि मला म्हणाले, “जावईबापू, तिला काय सांगू हो मी शिमग्याला?” मामांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मग सुरू झाले उपाय. मामांचं पहिलं निदान असं, की याला प्रवासाची हौस आहे, ती एकदा भागवली की झालं. म्हणून मी कचेरीच्या कामाने खोडाळ्याला निघालो असताना मामा बोक्याला घेऊन त्याच जीपमध्ये शिरले. बोका खिडकीशी, पलीकडे मामा, आणि मध्ये मी, इस्त्रीच्या कपड्यांत. पहिल्या वळणाला बोका माझ्याकडे बघू लागला. दुसऱ्या वळणाला मीही त्याच्याकडे बघू लागलो. तिसऱ्या वळणाला सकाळपासून खाल्लेले बोंबील माझ्या मांडीवर आले. “घाबरू नका,” मामा म्हणाले, “गाडी लागली त्यांना.” खोडाळ्याला मी सरपंचांसमोर कसा उभा राहिलो ते माझं मला माहीत. सरपंच मात्र फार सभ्य. त्यांनी बैठक अंगणात घेतली.

दुसरा उपाय त्याहून वरचढ. मंगलीचा आवाज ऐकला की बोक्याला धीर येईल म्हणून मामांनी मामींच्या मोबाइलवरून तिला भट्टीवर फोन लावला आणि स्पीकर चालू करून बोक्यापुढे धरला. “बोक्या, ए बोक्या!” तिकडून हाक आली मात्र, बोक्याने फोन चाटला, फोनच्या मागे जाऊन बघितलं, आणि मागे कोणीच नाही म्हटल्यावर सबंध फोन तोंडात धरून स्टँडकडे धूम ठोकली. आता कल्पना करा. भर बाजाराचा दिवस, स्टँड माणसांनी फुललेला, आणि एक तांबडा कुत्रा तोंड उघडतो तर आतून बाई बोलते, “मामा, कुठं हाय तुमी? जेवला का?” एक म्हातारा तर हात जोडून उभा राहिला. फोन मिळाला, पण त्याच्यावर दात उमटले ते उमटलेच. मामी अजून तो वापरतात. कोणी विचारलं तर म्हणतात, आमच्या ह्यांनी कंडक्टरचा चिमटा मारला.

पण खरा रोग मामींनीच ओळखला, तोही तांदूळ निवडता निवडता. “अहो, तुम्ही बघता काय आणि सांगता काय? तो गाडीमागे पळतच नाहीये. गाडी आली की आधी उतरणाऱ्यांचे पाय हुंगतो. पण तेवढ्यात चढणारे घुसतात, त्या गर्दीत त्याचं सगळ्यांना हुंगून होत नाही. म्हणून त्याला वाटतं ती आतच राहिली, आणि मग तो पळतो.”

मामा उठून उभे राहिले. चेहऱ्यावर जे तेज आलं ते काय सांगू! “म्हणजे चूक प्रवाशांची आहे! आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, मग चढा! जन्मभर घसा फोडून मी हेच सांगत आलो!”

त्या दिवसापासून मामांनी पुन्हा नोकरी धरली. जीप आली की ते दाराशी उभे. “मागे व्हा! आधी उतरणारे! ए, तुला सांगतोय, पिशवी मागे घे!” उतरणारा प्रत्येक माणूस एकेक करून बोक्यासमोरून जायचा. बोका हुंगायचा, मामा वाट बघायचे. शेवटचा माणूस उतरला की मामा जीपमध्ये डोकं घालून रिकामी सीट त्याला दाखवायचे आणि वाकून त्याच्या कानाशी सांगायचे, “नाही. या गाडीला नाही. पुढच्या गाडीला बघू.” टिक. बोंबील. सुरुवातीला तरी बोका पळालाच. मग दोन पावलं पळून थांबू लागला. मग नुसता उभा राहून जीप जाताना बघू लागला, आणि एके दिवशी त्याने जीप जाऊ दिली आणि मामांकडे वळून बघितलं. मामांनी त्या दिवशी मला कचेरीतून बोलावून आणलं, हे सांगायला. मी साहेबांना खरं कारण सांगितलं. साहेबही आले बघायला.

आणि मोखाड्याचं काय झालं म्हणता? मोखाडा शिस्तीला लागला! उतरणारे हात पुढे करून, पाय दाखवून जाऊ लागले. बाजाराला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “नाय रं बाबा, मी नाय ती.” तो जीपवाला तर खोडाळ्याहून येताना लांबूनच ओरडायचा, “मामा, आज कोण नाय!” आणि तरीही गाडी थांबवून दार उघडून दाखवायचा, कारण बोक्याचा त्याच्या शब्दावर विश्वास नव्हता.

या सगळ्यात मामांनी एक पथ्य कडक पाळलं. बोक्याला आपला होऊ द्यायचा नाही. त्याला मांडीवर घ्यायचं नाही, लाडाचं नाव ठेवायचं नाही, घरात झोपवायचं नाही. “सामान आहे ते लोकाचं.” एका दुपारी मी गेलो तर मामा ओट्यावर घोरत होते आणि बोका त्यांच्या पोटावर डोकं ठेवून घोरत होता. माझी चाहूल लागताच मामा दचकून उठले. “सामान घसरत होतं,” ते म्हणाले. मामींनी आतून मला खूण केली, की बोलू नका.

शिमग्याच्या तोंडावर जीपा टपावर माणसं घेऊन येऊ लागल्या. भट्ट्यांवरून, बांधकामांवरून सगळा तालुका घरी परतत होता. मामांचा घसा बसला, पण ते दारापासून हलले नाहीत. एका जीपमधून सगळे उतरले, बोका हुंगत राहिला, आणि शेवटी गाठोडं सांभाळत मंगली उतरली. तिचा पाय जमिनीला लागायच्या आत बोका तिच्या अंगावर होता. गाठोडं एकीकडे, मंगली एकीकडे, आणि बोका पिल्लासारखा, अगदी मांजरासारखा रडत होता. मंगली पण रडत होती, हसत होती, त्याला शिव्या घालत होती. स्टँडवरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि जीपवाला उगाचच हॉर्न वाजवत होता.

मंगलीने मामांच्या पायाला हात लावला. “जसाच्या तसा दिला, मामा.” मामांनी मोठ्या रुबाबात मान हलवली. सूर्यमाळची जीप लागलेली होती. जीपवाल्याने बोक्याला आपण होऊन आत घेतलं, मंगलीच्या पायाशी. मामांनी दारावर थाप मारली, जीप निघाली. बोका मंगलीच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून, तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. वळणावर जीप दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच बसला होता.

“पाहिलंत?” मामा माझ्याकडे वळून गरजले. “पाहिलंत जावईबापू? एकदाही मागे वळून बघितलं नाही! याला म्हणतात वळण लावणं! ज्याचं सामान त्याला पोचलं!” पुढचे कितीतरी दिवस मोखाड्यात दुसरा विषय नव्हता. पानटपरीवर, दवाखान्यात, आमच्या कचेरीत, खुद्द साहेबांसमोर मामा तेच सांगत होते. “एकदाही वळून बघितलं नाही रे!” लोकही वाहवा करत होते. मीही केली. सांगताना ते इतके खूश दिसायचे, की मला वाटलं, चला, मामा सुखरूप सुटले यातून.

मग एका बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालो होतो. ऊन उतरलं होतं, मामा कांद्याच्या भावावरून एका बाईशी भांडून आल्यामुळे खुशीत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सूर्यमाळच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “जावईबापू, काम चोख झालं. त्यात वाद नाही. पण एकदा वळून बघितलं असतं त्यांनी, तर काय बिघडलं असतं हो?”